मोठे जनावर आणि हातातील पिस्तूल : गोळीची निवड कशी ठरते?

लातूर जिल्ह्यातील औसा किंवा नांदेड जिल्ह्यातील कंधार येथील किल्ला पाहावयास गेलात, तर तेथे जुन्या तोफा दिसतील. तोफ पाहिली की आपण तिची लांबी मोजतो, तिच्यावरचा लेख वाचण्याचा प्रयत्न करतो. पण तोफेत घालावयाचा गोळा कशाचा असावा, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. गोलंदाजाला मात्र तो रोज पडत असे. दगडी गोळा स्वस्त, पण बुरुजावर आदळला की फुटून जाई. लोखंडी गोळा महाग, पण तो चिरेबंदी भिंतीत घुसे. १७६० साली उदगीरला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. तीत मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. अशा तोफखान्यातील प्रत्येक गोलंदाजाला हे व्यवहारज्ञान असलेच पाहिजे.

हाच प्रश्न आता लहान प्रमाणावर विचारू. तोफेऐवजी हातात मावणारे पिस्तूल आणि भिंतीऐवजी रानडुक्कर, रोही किंवा वाघ यांसारखे मोठे जनावर. अशा वेळी गोळी कशी असावी? जड की हलकी? मऊ की कठीण? टोकदार की बोथट? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात दडलेले आहे. ते शोधताना चित्रपटांनी आपल्या डोक्यात भरवलेल्या काही चुकीच्या कल्पनाही निघून जातील.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्या देशात हौसेची शिकार पूर्णपणे बंद झाली आहे. आपण येथे शिकारीचा नव्हे, गोळीच्या विज्ञानाचा अभ्यास करणार आहोत. तो का करावयाचा, हे लेखाच्या शेवटी तुमच्या ध्यानात येईल.

हौदा पिस्तूल

आपल्या भागाला शिकारीचा इतिहास नवा नाही. नांदेडजवळ गुरू गोविंदसिंगांच्या वास्तव्याशी जोडलेले एक स्थान आहे, त्याचे नावच शिकारघाट. पुढे १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे वाघाचे नामांकित शिकारी होते.

त्या काळी वाघाची शिकार बहुधा हत्तीवरून होई. शिकारी हौद्यात बसे व लांब बंदूक वापरी. पण जखमी झालेला वाघ कधी कधी उलटून हत्तीच्या मस्तकावर किंवा पाठीवर झेप घेई. हातभर अंतरावर आलेल्या वाघाकडे लांब बंदूक वळवणे अशक्य होई. त्या क्षणासाठी एकोणिसाव्या शतकात एक खास शस्त्र निघाले. त्याचे नाव हौदा पिस्तूल. आखूड, जाडजूड आणि बहुधा दोन नळ्यांचे. नळीचा व्यास अर्ध्या इंचाहून अधिक असे. त्यांतील एक प्रकार ०.५७७ इंची, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर व्यासाचा होता. आपल्याकडे परवान्यावर मिळणारे रिव्हॉल्व्हर बहुधा ०.३२ इंची बोअरचे असते. त्याच्या गोळीचा व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर. दोन्ही वर्तुळांचे क्षेत्रफळ काढून पाहा. हौदा पिस्तुलाच्या गोळीचे तोंड जवळजवळ साडेतीन पट मोठे भरते.

हे पिस्तूल बनवणाऱ्यांनी वेगापेक्षा गोळीच्या वजनाला आणि जाडीला महत्त्व दिले. असे का? चला, पाहू.

गोळी जनावराला उडवते का?

चित्रपटात गोळी लागताच माणूस चार हात मागे फेकला जातो. हे खरे असते का? वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, हे तुम्हांस ठाऊक आहे. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी अमेरिकेत प्रसिद्ध असलेले हातातील शस्त्र म्हणजे ०.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर. त्याची गोळी सुमारे १५.६ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग :

०.०१५६ × ३६० = ५.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद

आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या. गोलंदाजाने तो सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याचा संवेग :

०.१६० × ३५ = ५.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद

दोन्ही संवेग सारखेच! म्हणजे या बलाढ्य रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा धक्का वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतकाच. २४० किलो वजनाच्या रोह्याच्या अंगात ही गोळी अडकून राहिली, तर संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाने त्याला मिळणारा वेग ५.६ ÷ २४० = ०.०२३ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे सेकंदाला दोन-सव्वादोन सेंटिमीटर. मुंगीही याहून फार मागे राहणार नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तितकाच धक्का गोळी झाडणाऱ्याच्या हातालाही बसतो. गोळीने जनावर फेकले जात असते, तर शिकारीही फेकला गेला असता.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की गोळी धक्क्याने काम करीत नाही.

मग ऊर्जेचे काय?

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. या सूत्राने तीन शस्त्रांची तुलना करू. आकडे स्थूलमानाने घेतले आहेत.

०.३२ रिव्हॉल्व्हर : गोळी ६.३५ ग्रॅम, वेग २२० मीटर प्रतिसेकंद, ऊर्जा सुमारे १५४ ज्यूल.
०.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर : गोळी १५.६ ग्रॅम, वेग ३६०, ऊर्जा सुमारे १,०१० ज्यूल.
०.३०-०६ रायफल : गोळी ११.७ ग्रॅम, वेग ८२०, ऊर्जा सुमारे ३,९३० ज्यूल.

क्रिकेटच्या त्या चेंडूची ऊर्जा मात्र फक्त ९८ ज्यूल. संवेग सारखा असूनही ०.४४ च्या गोळीची ऊर्जा चेंडूच्या दसपट का, ते सूत्रावरून तुम्हीच सांगू शकाल.

रायफलची गोळी ०.४४ च्या गोळीपेक्षा हलकी असूनही तिची ऊर्जा चौपट का? कारण तिचा वेग अधिक. आणि वेग अधिक का? एक कारण नळीची लांबी. पपईच्या देठाच्या पुंगळीतून ज्वारीचा दाणा फुंकून पाहिला असेल, तर तुम्हांस हे ठाऊक आहे. बोटभर पुंगळीतून दाणा समोरच पडतो, हातभर पुंगळीतून तो दूर जातो. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. दाण्यावर किंवा गोळीवर वायूचा रेटा जितक्या लांबीवर लागतो, तितकी तिला ऊर्जा अधिक मिळते. रायफलीची नळी साधारण ६० सेंटिमीटरची, तर पिस्तुलाची दहा-पंधरा सेंटिमीटरची. शिवाय रायफलीच्या काडतुसात दारूही अधिक असते. हातात धरावयाच्या शस्त्रात ती वाढवू गेले, तर मनगटाला धक्का सोसवत नाही.

तेव्हा पिस्तुलाची गोळी नेहमीच तुलनेने मंद राहणार. ही त्याची जन्मजात मर्यादा आहे. गोळीची निवड या मर्यादेत राहूनच करावी लागते.

ऊर्जा कोठे खर्च होते?

आता या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. किती ऊर्जा आहे, यापेक्षा ती कोठे आणि कशी खर्च होते, याला महत्त्व आहे.

वेगवान गोळी शरीरात शिरली की समोरील मांस पाण्याप्रमाणे बाजूला ढकलले जाते व क्षणभर एक मोठी पोकळी तयार होते. पोकळी पुन्हा मिटते. मांस, फुप्फुस, कातडी ही लवचीक असतात. ती रबरासारखी ताणली जातात आणि परत येतात. परंतु हे ताणणे फार जोराचे झाले, तर ती फाटतात. साधारणपणे सेकंदाला ६०० मीटरच्या पुढील वेगात असे होते. म्हणून रायफलीची गोळी आपल्या जाडीपेक्षा कितीतरी रुंद जखम करते.

पिस्तुलाची गोळी सहसा या वेगाच्या जवळही जात नाही. ती आजूबाजूचे मांस ताणते, ते पुन्हा जागेवर येते. कायमचे उरते ते फक्त गोळीने प्रत्यक्ष चिरडत नेलेले भोक. म्हणून पिस्तुलाच्या बाबतीत दोनच गोष्टी पाहावयाच्या : भोक किती रुंद आणि किती खोल. या दोहोंतही खोली आधी. कारण गोळी हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचलीच नाही, तर रुंद भोकाचा उपयोग नाही. मोठ्या जनावरात तेथपर्यंतची वाट लांब असते आणि वाटेत जाड कातडे, स्नायू व खांद्याचे हाड असते. रानडुकराच्या नराला तर खांद्यावर चिवट, ढालीसारखा जाड थर असतो.

आता हौदा पिस्तुलाचे कोडे सुटते. वेग वाढवता येत नाही, तर भोक रुंद करा आणि ते खोल जाण्यासाठी गोळी जड करा.

मऊ तोंड आणि कठीण तोंड

काही गोळ्यांच्या तोंडाशी खळगा असतो, तर काहींचे तोंड उघड्या मऊ शिशाचे असते. आदळल्यावर त्या कमळासारख्या उमलतात व त्यांची जाडी दीड-दोन पट होते. यांना उमलणाऱ्या गोळ्या म्हणू. भोक रुंद होते, ही त्यांची जमेची बाजू.

गोळी कशामुळे उमलते? समोरील ओलसर मांस तिच्या तोंडावर दाब देते म्हणून. हा दाब माध्यमाची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, या सूत्राने स्थूलमानाने काढता येतो. मांसाची घनता पाण्याइतकीच धरू. सेकंदाला २२० मीटर वेगाच्या गोळीवर सुमारे २४० वातावरणांइतका दाब येतो. ३६० मीटरला तो सुमारे ६४० वातावरणे होतो, तर ८२० मीटरला ३,३०० वातावरणे. मालमोटारीच्या टायरात सात-आठ वातावरणांचाच दाब असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांची कल्पना येईल.

म्हणूनच एकाच प्रकारची गोळी सर्व वेगांना चालत नाही. रायफलीसाठी बनवलेली चिवट गोळी पिस्तुलाच्या वेगाने मारली तर उमलणारच नाही. पिस्तुलासाठी बनवलेली मऊ गोळी रायफलीच्या वेगाने मारली तर तिच्या ठिकऱ्या होतील. प्रत्येक गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यासाठी बनवलेली असते. तो पट्टा पाहणे ही निवडीची पहिली पायरी.

पण उमलण्याची किंमत मोजावी लागते. पावसात छत्री मिटलेली असताना धावणे सोपे. ती उघडली की वारा अडवतो. उमललेली गोळी अशीच लवकर थांबते. गोळ्यांची चाचणी घेण्यासाठी १० टक्के जिलेटिनचे ठोकळे ४ अंश सेल्सिअसला थंड करून वापरतात. त्यांत असे आढळते, की ०.४४ मॅग्नमची उमलणारी गोळी जेथे थांबते, त्याच्या दुपटीहून अधिक खोल त्याच शस्त्राची कठीण, न उमलणारी गोळी जाते. हरणासारख्या हलक्या प्राण्याच्या बाबतीत उमलणारी गोळी पुरेशी खोल जाते. मोठ्या जनावरात मात्र ती वाटेतच थांबण्याचा धोका असतो.

म्हणून जेथे हातातील शस्त्राने मोठी जनावरे मारण्यास कायद्याची परवानगी आहे, अशा अमेरिकेतील जाणत्या शिकाऱ्यांनी कठीण शिशाची, जड आणि सपाट तोंडाची गोळी पसंत केली. १९५५ मध्ये ०.४४ मॅग्नम बाजारात आले. त्याचा पाठपुरावा करणाऱ्या एल्मर कीथ या शिकारी लेखकाने अशा सपाट तोंडाच्या गोळ्यांचे नमुने त्याच्या कितीतरी आधी तयार केले होते.

तोंड सपाट का? गोल तोंडाची गोळी मांसाला हलकेच बाजूला सारत पुढे सरकते. मागे राहिलेले भोक लवचीकपणाने बारीक होते. सपाट तोंड मात्र कागद भोसकणाऱ्या पंचिंग यंत्राप्रमाणे समोरचे चिरडत जाते. शिवाय सपाट तोंडाची कठीण गोळी आपली दिशाही चांगली राखते. उमलण्याची गरज राहत नाही, कारण रुंदी आधीपासूनच आहे.

शिसे कठीण कसे करतात?

शिसे गोळीसाठी का वापरतात? एकतर ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ओतणे सोपे. दुसरे म्हणजे त्याची घनता. १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा आपल्या काळ्या पाषाणाचा केला तर सुमारे दीड किलो भरेल. ओतीव लोखंडाचा ३.८ किलो आणि शिशाचा ५.९ किलो. आकार तोच, वजन चौपट. पण शुद्ध शिसे नखाने ओरखडता येते, इतके मऊ असते. हाडावर आदळताच ते चपटे होते.

यावर उपाय मिश्रधातूचा. शिशात थोडे कथील व अँटिमनी मिसळले की त्याचा कठीणपणा वाढतो. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवून छपाई होत असे. ते खिळेही याच तीन धातूंचे. ओळी ओतणाऱ्या यंत्रात साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी व ४ भाग कथील असे मिश्रण वापरीत, आणि त्याचा कठीणपणा शुद्ध शिशाच्या सुमारे चौपट असे. मात्र अँटिमनी फार झाले, तर गोळी ठिसूळ होते व हाडावर तडकते. दगडी तोफगोळ्याचीच गत! म्हणजे केवळ कठीणपणा पुरेसा नाही, चिवटपणाही हवा. रायफलीच्या वेगाला तर मिश्र शिसेही टिकत नाही, ते नळीतील आट्यांना फासले जाते. म्हणून त्या गोळ्यांवर तांब्याचे किंवा तांबेमिश्रित धातूचे वेष्टन असते.

छेदभार : खोलीचे माप

गोळी किती खोल जाईल याचा अंदाज देणारे एक सोपे माप आहे. गोळीचे वजन भागिले तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ. याला आपण छेदभार म्हणू. दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम वजन मागून रेटत आहे, ते यावरून कळते.

०.३२ ची ६.३५ ग्रॅमची गोळी : सुमारे १३.
०.४४ ची १५.६ ग्रॅमची गोळी : सुमारे १७.
०.४४ ची १९.४ ग्रॅमची जड गोळी : सुमारे २१.
रायफलीची ११.७ ग्रॅमची गोळी : सुमारे २४.

आता एक नवलाची गोष्ट पाहा. आजच्या शिकारी धनुष्यातून सुटणारा बाण २६ ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला ६० मीटर धरू. त्याची ऊर्जा फक्त ४७ ज्यूल. म्हणजे ०.३२ च्या गोळीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी आणि क्रिकेटच्या चेंडूच्या निम्मी. तरीही धारदार पात्याचा असा बाण हरणाच्या आरपार जाऊ शकतो. कारण ८ मिलिमीटर जाडीच्या त्या काडीचा छेदभार ५२ आहे आणि त्याची ऊर्जा ढकलण्यात वाया न जाता कापण्यात खर्च होते. ऊर्जेचा आकडा पाहून गोळी निवडणे का चुकीचे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

नेमाचे गणित

गोळी कितीही योग्य असली, तरी ती योग्य जागी लागली पाहिजे. येथे पिस्तुलाची दुसरी मर्यादा आडवी येते. नेम धरताना मागची खाच व पुढची माशी एका रेषेत आणतात. पिस्तुलात या दोहोंतील अंतर साधारण १५ सेंटिमीटर असते. माशी एका मिलिमीटरने सरकली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने ३० मीटरवर गोळी किती चुकेल? १ ÷ १५० × ३० मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर. रायफलीत हे अंतर ६० सेंटिमीटर धरले, तर तीच चूक ५ सेंटिमीटरची होते. रानडुकराचे हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र साधारण वीतभर रुंद असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या थरथरीने गोळी पोटात किंवा पायात जाऊ शकते. म्हणून उत्तम गोळी असली, तरी पिस्तुलाने मोठ्या जनावरावर दुरून नेम धरणे शहाणपणाचे नाही.

जखमी जनावराचे मोल

एवढी बारीक चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. १९०७ साली कुमाऊँच्या डोंगरात जिम कॉर्बेट यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारले. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. कॉर्बेट यांनी तिचा जबडा तपासला, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. त्यांच्या मते ही बंदुकीच्या जुन्या गोळीची जखम होती आणि त्यामुळेच ती नेहमीचे भक्ष्य मारू शकत नव्हती. कोणाची तरी एक गोळी. ती लागली, पण तिने काम पुरे केले नाही. तिची किंमत डोंगरातील गावांनी वर्षानुवर्षे चुकवली.

यावरून आणखी एक विसंगती उलगडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात उमलणारी रायफलची गोळी तयार झाली. तिने होणाऱ्या भयंकर जखमांमुळे १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत, असे ठरले. उलट इंग्लंडमध्ये हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी रायफल वापरताना उमलणारी गोळीच वापरावी, असा कायदा आहे. एकीकडे बंदी, दुसरीकडे सक्ती! कारण युद्धात शत्रूला निकामी करणे पुरते, त्याच्या यातना वाढवू नयेत, असे ठरले. हरणाच्या बाबतीत यातना टाळण्याचा मार्ग म्हणजे तत्काळ मृत्यू.

आता एक नवी कसोटीही पुढे आली आहे. शिशाचे बारीक तुकडे मेलेल्या जनावराच्या मांसात राहतात. ते खाणाऱ्या पक्ष्यांना विषबाधा होते. अमेरिकेतील काँडोर या दुर्मिळ गिधाडांची अशीच हानी झाली. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. तेथे तांब्याच्या गोळ्या वापरतात.

आजची गोळी : बेशुद्धीची

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्याने टिपला. लातूरहून हे ठिकाण फार दूर नाही. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आला होता. शंभर वर्षांपूर्वी अशा वाघासाठी हत्ती, हौदा आणि बंदुका निघाल्या असत्या. या वेळी वनविभागाने त्याला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न केला.

बेशुद्धीच्या बंदुकीतून गोळीऐवजी सुई लावलेली औषधाची नळी सुटते. तिच्यात झायलाझिन व केटामीन यांसारखी औषधे असतात. येथेही आपलेच नियम लागू पडतात, फक्त उद्दिष्ट उलटे. नळीने कातडे भेदले पाहिजे, पण आत शिरता कामा नये. तिचा वेग जास्त झाला तर हाड मोडेल, कमी झाला तर ती पोहोचणार नाही. म्हणून जनावराचे अंतर मोजून वायूचा दाब ठरवावा लागतो आणि मांडीसारख्या जाड स्नायूवरच नेम धरावा लागतो. औषधाची मात्रा जनावराच्या वजनाचा अंदाज घेऊन ठरते. वस्तुमान, वेग, आकार, अंतर आणि जागा हे पाचही मुद्दे हौदा पिस्तुलाच्या काळी होते, तेच आजही आहेत. तेव्हा त्यांचा उपयोग जीव घेण्यासाठी झाला, आज जीव राखण्यासाठी होतो.

करून पाहा

एका घमेल्यात काळी माती कालवून घट्ट थर करा. ५० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा (बेअरिंगमधील गोळा चालेल), ५० ग्रॅम कणकेचा गोळा आणि ५० ग्रॅमचा लांब बोल्ट घ्या. तिन्ही वस्तू दोन मीटर उंचीवरून एकेक करून मातीवर सोडा. बोल्ट टोक खाली करून प्लॅस्टिकच्या सरळ नळीतून सोडा. प्रत्येकाची ऊर्जा सुमारे एक ज्यूलच आहे. खड्ड्यांची खोली व रुंदी आगपेटीच्या काडीने मोजा आणि कोष्टक करा. ऊर्जा सारखी असून खड्डे वेगळे का, हे आपल्या शब्दांत लिहा.

विचार करा

१. ०.४४ ची १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटते. तिची ऊर्जा व संवेग काढा. १५.६ ग्रॅमच्या गोळीपेक्षा ऊर्जा कमी असूनही ती अधिक खोल का जाईल?

२. १.१ किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून आणि ४ किलोच्या रायफलीतून गोळी सुटली, तर मागे येण्याचा वेग कोणाचा अधिक? (सुटणाऱ्या वायूचा संवेग सोडून द्या.)

३. बेशुद्धीची नळी दुप्पट वेगाने आदळली, तर कातड्यावर येणारा दाब किती पट होईल?